संगीतोपचार : छंद की व्यवसाय?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचाही गेली. आम्ही बोललेले तिला कळे. पण पाणी हवे असले तरी तोंडून शब्द निघत नसे. एका पहाटे आई भाकरी थापताना जात्यावरची ओवी गुणगुणत होती. खाटेवरून आजीने पुढची ओळ म्हटली. अगदी चालीवर, शब्दांसकट! आम्ही धावलो, "आजी, बोल ना," म्हणालो, तर पुन्हा सारे बंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, विठ्ठलाची कृपा. मला मात्र कारण हवे होते. प्रस्तुत लेख त्या शोधातून लिहिला आहे.

आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव येते. बोलण्याच्या क्रियेचा मेंदूच्या पुढच्या भागाशी असलेला संबंध त्याने १८६१ साली दाखवला. हा भाग बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात असतो, हे पुढे स्पष्ट झाले. गाण्याचे काम मात्र तेवढ्या एकाच जागी चालत नाही. त्यात उजव्या गोलार्धाचाही मोठा वाटा असतो. म्हणूनच वाचा गेलेल्या काही माणसांना पाठ असलेले गाणे म्हणता येते. अठराव्या शतकात स्वीडनमधील ओलोफ दालिन याने अशाच एका माणसाची नोंद करून ठेवली आहे. त्याला बोलता येत नसे, पण प्रार्थनेची स्तोत्रे तो म्हणे. हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयातच रडले. आमची भोरकडची आजी एकटी नव्हती.

पण वाचकहो, ओवी म्हणता येणे म्हणजे वाचा परत येणे नव्हे. ओवीत 'पाणी दे' नसते! १९७३ साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावर एक पद्धत मांडली. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन सुरांत, उंच आणि खाली, म्हणायचे. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर ठेका द्यायचा. वाक्य बसले की सूर हळूहळू कमी करत साध्या बोलण्यावर यायचे. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी दाखवल्याप्रमाणे मी आजीबरोबर रोज संध्याकाळी हे करते. दीड महिन्याने 'पाणी दे' जमले. माझे नाव अजून जमत नाही.

ताल शरीरालाही सावरतो. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णाचे पाऊल चालता चालता जमिनीला खिळते. हालचालीची वेळ आतून साधणारी मेंदूतील यंत्रणा बिघडलेली असते; बाहेरून ठेका मिळाला की पुष्कळदा पाऊल उचलले जाते. आपल्या पुण्यातच नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी २०१० साली पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. ते नृत्य आहे, निव्वळ संगीतोपचार नव्हे. पण तत्त्व जवळचे आहे. त्यातून रोग बरा होतो असे नाही. हालचाल सुकर होते आणि माणूस चार लोकांत येतो, हे थोडे नाही.

'अमुक रोगावर अमुक राग' अशा याद्या आपल्याकडे फार. पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी १९३३ साली इटलीत पूरिया गाऊन मुसोलिनीला झोप आणली, ही आख्यायिका तर प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणीतरी सांगतोच. मी स्वतः मध्यमेची परीक्षा दिली आहे, रागांवर माझे प्रेम आहे. तरीही मला या याद्या पटत नाहीत. राग म्हणजे गोळी नव्हे. आजीला पूरिया ऐकवून काय झाले असते? तिच्या कामी तिची ओवी आली. रुग्ण कोण, काय ऐकत वाढला आणि त्याचे नेमके काय बिघडले, हे पाहणे हाच या विद्येचा गाभा आहे.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या इस्पितळांतून या कामाला बळ मिळाले. १९४४ साली मिशिगनमध्ये त्याचा पदवी अभ्यासक्रम निघाला आणि १९५० साली व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना झाली. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात या विषयाचे केंद्र आहे. परंतु इस्पितळात 'संगीतोपचारक' अशी नोकरीची जागा सहसा नसते. जे हे काम करतात, ते बहुधा समुपदेशन, विशेष मुलांच्या शाळा किंवा गाण्याच्या शिकवण्या यांची सांगड घालतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "पगार किती?" मला आकडा सांगता आला नाही. मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "आधी एम. ए. कर, समुपदेशनाचे शिक्षण घे, विशारद सोडू नकोस. मग संगीतोपचाराकडे वळ." म्हणजे अजून निदान पाच वर्षे. मला ते पटले आहे. अण्णांना पटवायचे आहे. ते सध्या आजीच्या डाव्या हातावर ठेका धरायला शिकत आहेत.