लॉग वाचणारा डीबीए : धार–देवासच्या विद्यार्थ्यांसाठी करिअरची एक वाट

पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये कुठलाही बदल झाला, की त्याची नोंद आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे ‘वॉल’मध्ये होते. ती डिस्कवर उतरली की व्यवहार (ट्रान्झॅक्शन) कमिट, म्हणजे पक्का, झाला. टेबलच्या फाइलमधली पाने मागाहून लिहिली जातात. पेढीवर आधी रोजकीर्द आणि मग खतावणी, तसाच हा क्रम. मध्येच वीज गेली, तरी सर्व्हर पुन्हा सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा, म्हणजे बदललेली पाने फाइलमध्ये लिहून झाल्याच्या खुणेपासूनचा, लॉग वाचला जातो आणि राहिलेले बदल पुरे होतात. २००१ च्या ७.१ आवृत्तीपासून ही सोय आहे. बॅकअपनंतरचा डेटा परत मिळवणे आणि दुसऱ्या सर्व्हरवर चालती प्रत ठेवणे, ही कामेही याच लॉगवर होतात. म्हणून लॉग वाचता येणारा डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अर्थात डीबीए, अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो.

कामाचे स्वरूप

पूर्वी लॉग पाहायला सर्व्हरवर लॉगिन करून पीजी_वॉलडम्प ही कमांड चालवावी लागे. २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीने पीजी_वॉलइन्स्पेक्ट हे एक्स्टेन्शन दिले आणि तेच काम एसक्यूएल फंक्शनांनी होऊ लागले. सुपरयूझरला, किंवा सर्व्हरच्या फाइली वाचण्याची खास भूमिका ज्याला दिली आहे त्याला, ही फंक्शने वापरता येतात.

हे काम चाचणीच्या टेबलावर करून पाहता येते. पीजी_करंट_वॉल_एलएसएन या फंक्शनने लॉगमधली सध्याची जागा टिपायची. ती ०/३०००१५८ अशी काहीशी दिसते. मग एक ओळ अपडेट करून पुन्हा जागा टिपायची आणि दोन्ही जागा पीजी_गेट_वॉल_रेकॉर्ड्स_इन्फोला द्यायच्या. उत्तरात हीपची (म्हणजे टेबलमधल्या ओळींची) अपडेट नोंद आणि तिच्यामागोमाग ट्रान्झॅक्शनची कमिट नोंद दिसते. चेकपॉइंटनंतरचा त्या पानावरचा पहिलाच बदल असेल, तर एफपीआय_लेंग्थ या रकान्यात मोठा आकडा येतो, कारण त्या वेळी ८ किलोबाइटच्या अख्ख्या पानाची प्रत लॉगमध्ये जाते. तीच ओळ लगेच पुन्हा बदलली, तर तिथे शून्य दिसते. चेकपॉइंट फार वारंवार होत असले की लॉग का फुगतो, हे यातून कळते. कुठल्या प्रकारच्या नोंदींनी किती जागा घेतली, याचा गोषवारा पीजी_गेट_वॉल_स्टॅट्स देते.

कोणी चुकून ओळी डिलीट केल्या, तर लॉगमधून त्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक सापडतो. जुना बॅकअप आणि साठवलेला लॉग हाताशी असेल, तर डेटाबेस त्या ट्रान्झॅक्शनच्या आधीच्या स्थितीपर्यंत आणता येतो. मात्र कोणत्या माणसाने कोणती कमांड दिली, हे वॉल सांगत नाही. त्यासाठी वेगळा सर्व्हर लॉग चालू ठेवावा लागतो.

शिक्षण

बीई, बीएस्सी संगणकशास्त्र, बीसीए, एमसीए यांपैकी कोणतीही वाट चालते. देवासहून इंदूर सुमारे ३५ ते ४० किलोमीटर, धारहून सुमारे ६०. तिथे एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे अभियांत्रिकी व संगणक विभाग आहेत. एनआयटीतल्या एमसीएसाठी, भोपाळच्या मॅनिटसह, निमसेट ही प्रवेश परीक्षा असते. पाठ्यपुस्तकातले रिकव्हरीचे, म्हणजे बिघाडानंतर डेटाबेस सावरण्याचे, प्रकरण सोडून देऊ नये. आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन सहलेखक असलेले ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ त्यासाठी उत्तम. लॉगवर आधारलेल्या रिकव्हरीची आज मान्य असलेली एरीज पद्धत १९९२ च्या ज्या शोधनिबंधात आली, त्याचे पहिले लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी होते.

सराव आणि नोकरी

पोस्टग्रेस फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. क्रम असा ठेवावा: आधी एसक्यूएल आणि लिनक्स, मग बॅकअप व रिस्टोर, मग रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची चालती प्रत), शेवटी लॉगची तपासणी. प्रत्येक प्रयोगाची लेखी टिपणे ठेवली, तर मुलाखतीत ती प्रमाणपत्राहून जास्त बोलतात.

इंदूरमध्ये टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस आहेत; पुण्यात पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या ईडीबीचे कार्यालय आहे. पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांचा साठा आणि हिशेबही कुठल्या ना कुठल्या डेटाबेसवरच असतो. मात्र फ्रेशरला थेट डीबीएचे पद क्वचित मिळते. सुरुवात बहुधा सपोर्ट किंवा डेव्हलपर म्हणून होते, आणि रात्री-अपरात्री फोन येण्याची तयारी ठेवावी लागते. क्लाउडमुळे इन्स्टॉलेशनसारखी ठरावीक कामे कमी झाली. बिघाडाचे कारण शोधणाऱ्याची गरज मात्र कायम आहे.

पालकांनी महागड्या कोर्सची फी भरण्यापूर्वी संस्थेला एवढेच विचारावे : मोडलेला डेटाबेस बॅकअप आणि लॉगवरून उभा करण्याचे काम विद्यार्थी इथे स्वतःच्या हाताने करतो का? उत्तर नाही असेल, तर ते पैसे लॅपटॉपवर खर्च करावेत.