शब्दबोध : ‘अप्लॉज’ – टाळी, पण कोणासाठी?



शाळेचे स्नेहसंमेलन असो, लग्नाचा हॉल असो की पॅरिशच्या सणाचा कार्यक्रम असो, निवेदक माईकवरून हमखास म्हणतात, “बिग अप्लॉज प्लीज!” आणि आपण टाळ्या वाजवतो. या शब्दाच्या पोटात काय दडले आहे ते आज पाहू.

१. शब्दाचे मूळ
‘अप्लॉज’ इंग्रजीत लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘प्लाउदेरे’ म्हणजे आपटणे, थोपटणे, टाळ्या वाजवणे. पक्ष्याच्या पंखांच्या फडफडाटालाही हेच क्रियापद वापरत. त्याला ‘च्याकडे’ या अर्थाचा उपसर्ग लागला आणि ‘एखाद्याला उद्देशून टाळ्या वाजवणे’ हा अर्थ आला. प्राचीन रोममध्ये विनोदी नाटक संपले की नट प्रेक्षकांना सांगत, ‘प्लाउदिते’, म्हणजे ‘टाळ्या वाजवा’.

इंग्रजीतला ‘क्लॅप’ मात्र वेगळ्या कुळातला आहे. तो मुळात आवाजाचा शब्द. म्हणून विजेच्या कडकडाटालाही ‘क्लॅप’ म्हणतात आणि चर्चच्या घंटेतल्या लोलकाला ‘क्लॅपर’. आपल्या ‘टाळी’चे नाते संस्कृत ‘ताल’ या शब्दाशी आहे.

२. त्याची दोन भावंडे
‘प्लाउदेरे’पासून आणखी दोन इंग्रजी शब्द झाले. पहिला ‘प्लॉझिबल’. त्याचा मूळ अर्थ टाळ्या मिळवण्याजोगे. आज त्याचा अर्थ ‘खरे वाटेल असे’ एवढाच उरला आहे. ते खरे असेलच असे नाही. दुसरा ‘एक्स्प्लोड’. यात ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग आहे. नट आवडला नाही की रोमन प्रेक्षक टाळ्यांचा गलका करून त्याला रंगमंचावरून हाकलून देत. स्फोट होणे हा अर्थ फार पुढे आला.

म्हणजे एकाच मुळातून सन्मानही निघाला आणि अपमानही. हात तेच, आवाज तोच. अर्थ ठरतो मनातल्या हेतूने.

३. बायबलमधील टाळ्या
पवित्र शास्त्रातही दोन्ही प्रकार दिसतात. सत्तेचाळिसावे स्तोत्र सर्व राष्ट्रांना देवासाठी टाळ्या वाजवायला सांगते. तिथे लॅटिन बायबलमध्ये नटांचाच शब्द आहे : ‘प्लाउदिते’. अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रात नद्या, तर यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायात रानातली झाडे टाळ्या वाजवतात. उलट यहेज्केलच्या पंचविसाव्या अध्यायात अम्मोनी लोक इस्राएलच्या दुर्दशेवर टाळ्या पिटतात आणि देव त्यांना दोषी ठरवतो. दुसऱ्याच्या पडण्यावर वाजलेली टाळीही देव ऐकतो.

४. सुवर्णमुखी संताची अडचण
चौथ्या शतकात लोक प्रवचनालाही टाळ्या वाजवत. संत योहान ख्रिसोस्तोम यांचे वक्तृत्व असे की लोक त्यांना ‘सुवर्णमुखी’ म्हणू लागले. इ. स. ४०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांवर बोलताना त्यांनी कबूल केले, की टाळ्या ऐकून क्षणभर बरे वाटते, पण घरी गेल्यावर वाटते, लोकांच्या पदरात काहीच पडले नाही. म्हणून चर्चमध्ये टाळ्या बंद, असा नियम ते सांगू लागले, तर लोकांनी त्यालाही दाद दिली!

५. आपल्यासाठी
चर्चमध्ये टाळीला जागाच नाही असे नाही. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवाराची निवड झाल्यावर कित्येक देशांत भाविक टाळ्यांनी संमती देतात. मात्र कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी २००० साली उपासनेवरील आपल्या पुस्तकात इशारा दिला : माणसाच्या कर्तबगारीसाठी उपासनेत टाळ्या पडू लागल्या, की उपासनेचा गाभाच हरवला असे समजावे.

गायनवृंद सुरेख गायला, तर मिस्सानंतर त्यांना भेटून शाबासकी जरूर द्यावी. मिस्सा चालू असताना मात्र आपली नजर वेदीवर असावी.

विचारासाठी प्रश्न :
• या आठवड्यात मी कोणाचे मनापासून कौतुक केले?
• कोणाच्या फजितीवर मी मनातल्या मनात टाळी वाजवली?
• टाळ्या मिळणार नाहीत हे ठाऊक असूनही मी कोणते चांगले काम करतो?