न वाचले गेलेले जनुक : अवटू ग्रंथीच्या कर्करोगाविषयी

परभणीहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची फाइल पिशवीत जपून नेणारे कुटुंब आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काहींनी ती फाइल स्वतःही वाहिली आहे. गळ्याच्या गाठीचे निदान झाले की घराघरांत एकच प्रश्न उठतो : हा रोग मुलांच्या रक्तात उतरेल काय? मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने आईच्या गळ्यावरील व्रण पदराखाली झाकला जातो. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

तलाठ्याच्या दप्तरात साऱ्या गावाचे सातबारे असतात; पण ज्या गटाचे काम निघते, त्याचाच उतारा काढला जातो. पेशीचेही असेच आहे. जनुके तिच्यात जवळजवळ सर्व असतात, वाचली जातात ती तिच्या कामाचीच. या वाचनास जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. अवटूची, म्हणजे थायरॉइडची, पेशी आयोडीन आत ओढणाऱ्या प्रथिनाचे जनुक वाचते. उपचारही याच गुणावर उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे. तेथे शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या रोगासाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिले जाते. कर्कपेशी ते नेहमीचे आयोडीन समजून घेते आणि त्याच्याच किरणांनी मरते.

परंतु काही गाठी आयोडीन घेतच नाहीत. का? सर्वाधिक आढळणाऱ्या पॅपिलरी प्रकारात पुष्कळदा ७ व्या गुणसूत्रावरील बीआरएएफ जनुकात एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्रथिनात ६०० व्या स्थानी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि 'वाढ' हा संदेश, जो एरवी क्षणभर चालू होऊन थांबतो, अखंड चालू राहतो. हा संदेश केंद्रकात पोहोचला की १९ व्या गुणसूत्रावरील आयोडीनवाहक जनुकाभोवतीची गुंडाळी घट्ट होते. उतारा फाटलेला नाही, त्यातील एक अक्षरही खोडलेले नाही. दप्तराचा रुमाल मात्र गच्च आवळला गेला आहे. दोष एका ठिकाणी आणि मौन दुसऱ्याच ठिकाणी, ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. अर्थात हा बदल असलेली प्रत्येक गाठ आयोडीन नाकारते असे नाही, आणि बहुतेक पॅपिलरी रुग्ण बरे होतात.

उलट टर्ट जनुकाच्या आरंभस्थळी होणारा बदल निजलेल्या जनुकास जागे करतो. पेशीला विभाजनाची मर्यादा उरत नाही. दोन्ही बदल एकत्र आले तर रोग अधिक आक्रमक होतो.

बांधलेला रुमाल सुटू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो अखंड संदेश रोखणारे सेल्युमेटिनिब हे औषध दिल्यावर २० पैकी १२ रुग्णांच्या गाठींनी आयोडीन अधिक घेतले. संख्या लहान खरी, पण मौन कायमचे नसते हे त्यातून दिसले.

आता मूळ प्रश्न. वर सांगितलेले बदल बहुधा जन्मतः नसतात. आयुष्यात कधीतरी गळ्यातील एखाद्या पेशीत घडतात आणि तेथेच राहतात. ते अपत्याकडे जात नाहीत. अपवाद मुख्यतः मेड्युलरी प्रकाराचा. त्यातील सुमारे चतुर्थांश रुग्णांत रेट जनुकाचा बदल जन्मजात असतो आणि प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून गाठीच्या अहवालावरील प्रकाराचे नाव वाचून घ्यावे. मेड्युलरी असेल तर रुग्णाची रक्ताची जनुकचाचणी करावी. बदल आढळल्यास मुलाबाळांची व भावंडांचीही. ज्याच्यात तो नसतो, त्याच्या मुलांकडेही त्याच्याकडून तो जात नाही.