छळ आणि शील

पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेले पहिले पत्र फार मोठे नाही. अध्याय पाचच, एका घटकेत सहज वाचून होतात. ह्या पाठासाठी आम्ही तेच निवडले, कारण ते छळ सोसणाऱ्यांस लिहिलेले असून त्यात छळाविषयीचा मजकूर थोडाच आहे.

प्रसंग असा. फिलिप्पै येथे फटके व बंदिवास भोगून पौल व सीला थेस्सलनीकेस आले. तीन शब्बाथ सभास्थानात उपदेश होतो न होतो तोच बाजारातील रिकामटेकड्या लोकांचा जमाव जमवून विरोधकांनी यासोनाच्या घरावर हल्ला केला. पाहुणे सापडले नाहीत, म्हणून बिचाऱ्या यासोनालाच नगराधिकाऱ्यांपुढे ओढीत नेले. जामीन घेऊन त्यास सोडले, आणि त्याच रात्री बंधुजनांनी पौल व सीला ह्यांस बिरुयास रवाना केले. मागे राहिली ती काही आठवड्यांची कोवळी मंडळी. तिचे कसे होईल ह्या चिंतेने पौलाने तीमथ्यास परत पाठविले. त्याने समाधानाचे वर्तमान आणल्यावर, सुमारे इ. स. ५० च्या सुमारास, हे पत्र लिहिले गेले.

अशा पत्रात आपण कशाची अपेक्षा करू? शत्रूंस उत्तर कसे द्यावे, धीर कसा धरावा, ह्याची. धीर त्यात आहेच. परंतु देवास संतोषविणारे वर्तन कोणते हे सांगताना पौल अगदी घरगुती गोष्टींकडे वळतो: देह पवित्र राखा, बंधुप्रीतीत वाढा, शांतपणे राहा, आपापला व्यवसाय पाहा, हातांनी काम करा, वाइटाची फेड वाइटाने करू नका. स्वतःविषयीही तो सांगतो की, माणसांची मर्जी राखण्यासाठी आम्ही बोललो नाही, आर्जव केले नाही, कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस श्रम केले. आमच्या मते ह्या पत्राचे मर्म येथेच आहे. छळाच्या दिवसांत मनुष्याचे सारे लक्ष छळणाऱ्याकडे लागते. तो काय म्हणेल, काय करील, त्यास कसे जिंकावे, हेच मनात घोळते. म्हणजे प्रीतीने नव्हे तर रागाने का होईना, मनुष्यच आपला धनी होऊन बसतो. पौल आपल्या वाचकांची नजर तेथून काढून रोजच्या कामाकडे लावितो.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण मुलांचा ह्या बाबतीत गैरसमज होतो. जे जे सोसावे लागते तो सर्व छळ नव्हे. गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षा झाली, उद्धटपणामुळे सोबती दुरावले, तर त्यास धर्मासाठी सोसलेले दुःख म्हणू नये. पेत्रानेही आपल्या पत्रात हा भेद स्पष्ट केला आहे. उलट, नक्कल करू दिली नाही म्हणून जो विद्यार्थी वर्गात एकटा पडतो, त्याचे दुःख लहान असले तरी खरे आहे.

आता आपल्याकडील एक उदाहरण पाहू. धंतोलीहून नागपूरचे रेल्वे-स्टेशन दूर नाही. सन १८९३ मध्ये नारायण वामन टिळक ह्या नावाचे कवी आगगाडीने राजनांदगावास चालले होते. ह्यापूर्वी ते आपल्या नागपुरातच श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत असत. डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. काव्य व धर्म ह्यांवर बोलणे झाले, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांस नवा करार भेट दिला. टिळक तो वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आले, आणि तेथेच त्यांचे मन गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या काळी ह्याचा अर्थ काय होता हे आजच्या मुलांस सांगावे लागेल. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये असा १८५० सालचा २१ वा कायदा होता खरा. परंतु कायद्याने पंगतीत पान मांडले जात नाही, की विहिरीवर पाणी मिळत नाही. बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य घरच्यांस मेल्यासारखा होई. ज्यांनी टिळकांस टाकले ते दुष्ट होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या दृष्टीने घरचा एक कर्ता पुरुष हरपला होता, आणि त्यांचे अश्रू खोटे नव्हते.

सर्वांत मोठा घाव बसला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेली ही बाई. पती जिवंत असून पतीविना, पदरी लहानगा दत्तू, आणि आश्रय आप्तांचा. काही काळ त्या पंढरपुरासही राहिल्या. आम्हास वारंवार वाटते की ह्या कथेत छळ कोणाचा झाला हे ठरविणे सोपे नाही. टिळकांनी निदान आपला मार्ग स्वतः निवडला होता. लक्ष्मीबाईंस कोणी विचारलेही नव्हते. हे दुःख झाकून कथा सांगणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

टिळकांच्या शीलाची परीक्षा झाली ती येथे. ते स्वभावाने शांत नव्हते. किती तापट होते हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिले आहे. असा मनुष्य पत्नीवर जुलूम करता, किंवा तिच्या आप्तांशी जन्माचे वैर धरिता. तसे झाले नाही. काही वर्षांनी त्या अहमदनगरास त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे सोवळे-ओवळे त्यांनी चालू दिले, स्वयंपाक वेगळा होऊ दिला. पत्नीने ख्रिस्ती व्हावे ही इच्छा असूनही ते थांबले. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून आधी जातिभेद सोडला, आणि सन १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा सांगावयाची राहून जाते. मनुष्यांची मर्जी राखू नये हा नियम टिळकांनी स्वकीयांच्या बाबतीतही पाळला. ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून, आपल्या संतांच्या रीतीने गावी असा त्यांचा आग्रह होता. सन १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी व पगार सोडून ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करिले. परक्यांचा विरोध सोसणारे बरेच असतात. आपल्याच मंडळींची नापसंती, मन कडू होऊ न देता, सोसणे त्याहून अवघड.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य तेव्हा अपुरे होते. अकरा अध्यायही पुरे झाले नव्हते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांस पतीनेच करून दिली होती.