कुष्ठरोग, वेदनाशामके आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. तथापि मज्जातंतूंना झालेली इजा काही जणांत मागे राहते व हातापायांतील वेदना वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाहीत. मग दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा आधार घेतला जातो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. दीर्घकाळच्या सेवनाने ही हानी कायमची होऊ शकते. त्यातच, अंगावर वारंवार दुखऱ्या गाठी येणाऱ्या जुन्या रुग्णांत मूळ रोगामुळेही मूत्रपिंडे दुबळी झालेली असू शकतात. अशा रुग्णांवर दुहेरी भार पडतो. प्रारंभी मात्र कोणतेही लक्षण बहुधा जाणवत नाही.

यास्तव अशा रुग्णांनी लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनीन यांची वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. नव्याने वेदना, बधिरता वा हातापायांत अशक्तपणा आल्यास तो मज्जातंतूदाह असू शकतो. तेव्हा गोळीने दुखणे दाबू नये. त्वरित आरोग्य केंद्र गाठावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळीच प्रेडनिसोलोन मिळाल्यास पुढील व्यंग टळू शकते. कुष्ठरोगावरील औषधे मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत.