सुतळीचा पहिला घास

तुमच्यापैकी कुणाच्या घरी सध्या एखादं सापाचं पिल्लू न खाता बसलं असेल, आणि मूल शाळेतून आल्या आल्या त्या डब्यापाशी जाऊन हिरमुसून परत येत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्या घरी हेच चाललं होतं. त्या दिवसांत सापांबद्दल माहिती पुष्कळ मिळाली, पण अशा वेळी मुलाशी काय बोलावं हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून दोन्ही सांगते.

आम्ही अमेरिकेत राहतो, नॉर्थ कॅरोलायनामध्ये. कॉर्न स्नेक इथलाच रहिवासी. नारिंगी-तांबडा, बिनविषारी, उंदरांवर जगणारा. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून, किंवा पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून, त्याला हे नाव पडलं असं सांगतात. पाळायचा तर रानातून धरून आणायचा नाही, पैदास करणाऱ्याकडे अंड्यातून निघालेला घ्यायचा. आणि त्याआधी आपल्या राज्याचा कायदा पाहायचा. शेजारच्या जॉर्जियात हाच साप पाळायला बंदी आहे. पुण्यातल्या माझ्या भाचीने फोटो पाहून हट्ट धरला, तेव्हा तिलाही समजावावं लागलं, की आपल्याकडच्या सापांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते घरात ठेवता येत नाहीत आणि ठेवूही नयेत.

माझी लेक अकरा वर्षांची. दोन वर्षं तिने या सापाचा ध्यास घेतला होता. पिल्लू आलं ते जेमतेम फूटभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, साडेसहा ग्रॅम वजनाचं. ‘सुतळीएवढं तर आहे,’ असं मी सहज म्हटलं आणि नाव पडलं सुतळी.

विकणाऱ्याने ‘खातं’ एवढंच सांगितलं होतं आणि आम्ही तेवढ्यावर विसंबलो. तुम्ही विसंबू नका. किती वेळा खाल्लं, कोणत्या तारखांना, गोठवून पुन्हा कोमट केलेलं उंदराचं पिल्लू खाल्लं की जिवंत, स्वतःहून की तोंडात घालावं लागलं, हे सगळं विचारा. सलग तीन-चार वेळा स्वतःहून खाल्ल्याची नोंद नसेल, तर मुलाचा हिरमोड झाला तरी चालेल, पण पिल्लू त्या दिवशी घरी आणू नका. आमच्या सुतळीने आधी काही खाल्लं होतं की नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही.

आणि उंदराच्या पिल्लांचा विचार साप आणण्याआधीच करा. आमचं घर शाकाहारी. जन्मून एक-दोन दिवस झालेली, केस न आलेली गुलाबी पिल्लं इथे ‘पिंकी’ म्हणून गोठवलेली मिळतात. ती घरात ठेवायची, कोमट करायची, चिमट्यात धरायची. सापाला दुसरं काही चालत नाही, भाजी-भाकरीवर तो जगत नाही. ज्यांना हे मनापासून जमणार नाही त्यांनी साप आणू नये, त्यात कमीपणा काहीच नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही प्रेमाने जेवढं चुकता येईल तेवढं चुकलो. लेकीने वाढदिवसाचे पैसे साठवून मोठी काचेची टाकी घेतली होती. त्यात मधोमध एक फांदी, एक सुंदर दगड आणि लपायला एकच जागा. सुतळीला आम्ही त्यात सोडलं आणि चारही बाजूंनी माणसं वाकून बघायला लागली. शेजारची मुलं आली. प्रत्येकाने तिला हातावर घेतलं. तिसऱ्या दिवशी पिंकी ठेवली, तेव्हा दर दहा मिनिटांनी झाकण उचलून ‘खाल्लं का?’ म्हणून पाहिलं.

आता त्या पिल्लाच्या बाजूने बघा. एवढ्याशा सापाला रानात पक्षी खातात, रॅकून खातात, मोठे सापसुद्धा खातात. उघड्यावर दिसलं की संपलं, एवढंच त्याला जन्मजात ठाऊक असतं. वरून सावली हलली की ते गोठतं. गिळताना तर ते पळूही शकत नाही, तोंड अडकलेलं असतं. म्हणून जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे ते खात नाही. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो आणि ती घाबरलेली होती. हे कळायला मला तीन आठवडे लागले, त्याचं अजून वाईट वाटतं.

दुसरी चूक उबेची. सापाचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं, पचनसुद्धा. कॉर्न स्नेकच्या घराचा एक कोपरा साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस लागतो आणि दुसरी बाजू २३-२४, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. आमचा तापमापक काचेला वर चिकटवलेला होता आणि तो छान आकडा दाखवत होता. सुतळी जिथे बसायची तिथे, खाली जमिनीलगत मोजलं तर जेमतेम २४! एवढ्या गारव्यात पोटातलं नीट पचत नाही, मग ती खाणार कशी? उबेची चटई थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, नाहीतर उलट चटका बसतो. आणि मोजायचं ते साप बसतो त्या जागी.

याच सुमारास कऱ्हाडहून आईचा फोन आला. तिला काळजी. ‘अगं, वाटीभर दूध ठेवून बघ की.’ तिच्या लहानपणी नागपंचमीला गारुडी दारात यायचा आणि टोपलीतला नाग दूध प्यायचा, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. तो नाग कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असायचा, म्हणून समोर येईल ते प्यायचा, आणि दूध त्याला बाधायचं, हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बिचारा. आम्ही तर पुण्य म्हणून द्यायचो.’ तेव्हापासून ती रोज विचारते, पाण्याची वाटी भरली का. तेच बरोबर आहे. न खाणाऱ्या पिल्लासमोर ताजं पाणी मात्र कायम हवं.

एका रात्री लेक माझ्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली. ‘आई, सुतळी मरणार आहे का?’ मी झोपेत होते, पटकन म्हणून गेले, ‘नाही गं, काही होत नाही.’ ती गेली. मला मात्र पुढे झोप लागली नाही, कारण मी जे म्हटलं ते मला माहीत नव्हतं. सकाळी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, की काल मी घाईत बोलले. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर निरोगी पिल्लू कित्येक आठवडे काढू शकतं. आठ-दहा दिवसांनी पहिली कात टाकेपर्यंत तर ते खातच नाही. बहुतेक पिल्लं उशिरा का होईना, खायला लागतात. पण काही पिल्लं कधीच सुरू करत नाहीत, सगळं नीट करूनही. सुतळी त्यांतली आहे की नाही हे आज सांगता येत नाही. आपण काय करायचं ते मात्र ठरवता येतं.

ती रडली. मीही थोडी रडले. मग तिने एक वही काढली. तारीख, जमिनीवरचं तापमान, काय ठेवलं, कसं ठेवलं, काय झालं, आणि आठवड्यातून एकदा वजन. त्यासाठी वेगळा छोटा काटा आणला, स्वयंपाकातला वापरायचा नाही. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो. त्यामुळे चिमटा, कप, काटा सगळं वेगळं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काही धुवायचं नाही, आणि हात प्रत्येक वेळी साबणाने. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्याला साप हाताळू देऊ नका.

वहीमुळे एक फार मोठी गोष्ट झाली. ‘ती खात नाही’ ही घरभर पसरलेली भीती एका ओळीत मावायला लागली. ६.५, ६.३, ६.२. कमी होतंय, पण कोसळत नाही. लेकीला आकडे वाचता आले की तिचा श्वास जरा मोकळा व्हायचा.

सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे आम्ही नेलं. तोंड, नाकपुड्या, कणा, सगळं पाहून त्यांनी पिल्लू निरोगी असल्याचं सांगितलं. कणा धारेसारखा वर दिसू लागला, कातडीला सुरकुत्या पडल्या, वजन झपाट्याने उतरलं किंवा ते मलूल झालं, तर ताबडतोब यायचं. तोवर एक आठवडा कुणी हात लावायचा नाही आणि काही खायलाही द्यायचं नाही, असा त्यांचा सल्ला.

हा आठवडा सगळ्यांत अवघड गेला. लेकीच्या बाबांनी तोंड उघडून भरवण्याचे व्हिडिओ पाहिले होते. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही आपली म्हण हाताशी होतीच. मीही जवळजवळ तयार झाले होते. पण तसं भरवताना पिल्लाचा नाजूक जबडा दुखावू शकतो, आणि जी भीती कमी करायची तीच दुपटीने वाढते. तो उपाय आहे, पण सगळे संपल्यावरचा, आणि जाणकाराच्या हातचा. जिवंत पिंकी देण्याचा मार्गही असतो. काही पिल्लं हालचालीवरच झेपावतात. लेकीसमोर ते करायला माझं मन धजलं नाही, म्हणून तोही मागे ठेवला.

मोठी टाकी बाजूला गेली. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, भोकं पाडलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आला. त्यात चुरगळलेले कागद, उबेच्या बाजूला एक लपण आणि गार बाजूला एक. डबा कपाटात, माणसांच्या वाटेबाहेर. सात दिवस फक्त पाणी बदललं.

त्यानंतर दर पाच दिवसांनी एक प्रयत्न, रोज नाही. पिंकी रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यायची, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, हाताला आपल्या अंगापेक्षा किंचित ऊन लागेपर्यंत. मायक्रोवेव्ह अजिबात नको. पहिल्यांदा संध्याकाळी अंधारात लपणाच्या तोंडाशी ठेवून सकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही. सकाळी पिंकी तशीच. पुढच्या वेळी ती बिनवासाच्या साबणाने धुऊन, स्वच्छ करून ठेवली. उंदराचा वास उतरला की काही पिल्लं घेतात. सुतळीने जीभ लवलवली, जवळ आली आणि वळली. तरी लेकीने वहीत या ओळीखाली दोन रेघा मारल्या, कारण ती प्रथमच जवळ आली होती.

मग डॉक्टरांनी सुचवलेली युक्ती. पिंकीच्या कवटीला सुईने बारीक छेद द्यायचा, आतला वास बाहेर येतो. मेलेलंच असतं ते, तरी माझे हात थरथरले. ते मी लेकीला करू दिलं नाही, आणि करत असताना तिच्यापासून लपवलंही नाही. तेही चाललं नाही.

शेवटी वासाचं मर्म उमगलं. साप जिभेने हवेतले वासाचे कण टिपतो आणि टाळूतल्या खास इंद्रियापाशी नेतो, ‘हे खायचं’ हा निर्णय तिथे होतो. रानात कॉर्न स्नेकची बारकी पिल्लं उंदरांकडे वळण्याआधी बरेचदा छोटे सरडे आणि झाडबेडूक खातात. आमच्या कुंपणावर उन्हाळ्यात दिसणारा हिरवा अ‍ॅनोल सरडा, तोच तिच्या पूर्वजांचा पहिला घास! गोठवलेला एक अ‍ॅनोल मिळवला, धुतलेली पिंकी त्यावर नीट घासली, आणि दोघींना, म्हणजे सुतळीला आणि पिंकीला, भोकं पाडलेल्या एका मुठीएवढ्या डबीत घालून ती डबी उबेच्या कोपऱ्यात ठेवली. वर कापड टाकलं. लेक रात्री दोनदा उठली, पण कपाटापर्यंत जाऊन परत फिरली. हे तिने मला सकाळी सांगितलं.

सकाळी डबीत फक्त सुतळी होती, अंगाच्या मधोमध एक ठळक फुगवटा घेऊन. लेक ओरडली नाही. तिने कापड पुन्हा टाकलं, स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून तशीच उभी राहिली.

पुढचे दिवस संयमाचेच असतात. खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर गिळलेलं बाहेर येऊ शकतं. आमच्याकडे आम्ही आठवडाभर थांबलो. दुसऱ्या वेळी पुन्हा सरड्याचा वास, तिसऱ्या वेळी फक्त पिंकीच्या नाकाला, चौथ्या वेळी अगदी पुसट. मध्ये एकदा तिने नाकारलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. लेकीने टॉर्चने तिचे डोळे पाहिले, ते निळसर-धुरकट झाले होते. ‘कात टाकणार आहे, आई. आता नाही खायची.’ तिने वहीत तसं लिहिलं आणि झाकण लावून टाकलं.

पाचव्या वेळी वास लावलाच नाही. डिसेंबरातली संध्याकाळ होती, खोलीत एकच मिणमिणता दिवा. लेकीने लांब चिमट्यात पिंकी धरली आणि लपणापासून बोटभर अंतरावर हात स्थिर ठेवला. सुतळीचं डोकं बाहेर आलं. जीभ एकदा, दोनदा, मग बराच वेळ काहीच नाही. लेकीचा हात अवघडलेला मला दिसत होता. मग एक झेप, अंगाचे दोन वेढे, आणि जबडा हळूहळू पुढे सरकू लागला. लेकीने चिमटा सोडवून घेतला आणि हात होता तिथेच ठेवला. शेपटीचं टोक दिसेनासं होईपर्यंत ती जागची हलली नाही.