विषाणू अंगात आहे, मग लागण का नाही?

प्रश्न : आमच्या मालकांना एचआयव्ही आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यातून चार वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. मी निगेटिव्ह आहे. यंदा व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आता तुम्हाला लागण होत नाही, मुलाचा विचार करायला हरकत नाही. पण गोळ्या जन्मभर खायच्या म्हणजे विषाणू अंगात आहेच ना? मग तो माझ्यापर्यंत का येत नाही?
– एक वाचक, ता. लोहा

उत्तर : ताई, विषाणू आहेच. सीडी-फोर नावाच्या काही पेशींच्या जनुकांत घुसून तो गप्प पडून राहतो. तिथून त्याला हुसकावणारं औषध अजून हाती नाही, म्हणून गोळ्या जन्मभर. पण शरीरसंबंधातून लागण होते ती वीर्यात किंवा योनीस्रावात असलेल्या ताज्या विषाणूंमुळे. मालकांच्या रोजच्या एका गोळीत बहुधा तीन औषधं असतील. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन विषाणूची नक्कल तयार होऊ देत नाहीत. डोल्युटेग्राव्हिर तिला नव्या पेशीच्या जनुकांत शिरू देत नाही. बी मातीत आहे, पण उगवण बंद. रिपोर्टवरचं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे हेच : रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडला नाही.

हे नुसतं तर्काने ठरलेलं नाही. नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांवर एचपीटीएन 052 नावाचा मोठा अभ्यास झाला. एकाला एचआयव्ही, दुसरा निगेटिव्ह, अशी ही जोडपी. काहींना औषध लगेच सुरू केलं, बाकीच्यांना थांबवून नंतर. आपल्याकडची जोडपी पुणे आणि चेन्नईच्या केंद्रांतली होती. 2011 मध्येच फरक इतका ठळक दिसला, की थांबलेल्या सगळ्यांना लगेच औषध देऊ केलं. 2016 च्या अंतिम आकड्यांत जोडीदाराकडूनच झालेल्या 46 लागणी सापडल्या. त्यांतल्या फक्त आठ उपचार सुरू झाल्यावर लक्षात आल्या : चार अगदी सुरुवातीच्या, विषाणू दबायच्या आधीच्या, आणि चार औषध निकामी ठरल्यानंतरच्या. विषाणू नीट दबलेला असताना एकही नाही. आणखी 26 जणांचा विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जुळलाच नाही, म्हणजे लागण बाहेरून आली होती. घराघरांत हा आकडा कोणी मोठ्याने सांगत नाही.

पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात 888 जोडप्यांचे निरोधाशिवायचे सुमारे 58,000 संबंध नोंदले गेले. जोडीदाराकडून लागण शून्य. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितलं : तपासणीत विषाणू सापडत नसेल आणि गोळ्या नियमित चालू असतील, तर शरीरसंबंधातून लागणीचा धोका शून्य. ही गोष्ट अजूनही पुष्कळ ठिकाणी दबक्या आवाजात सांगितली जाते. माझ्या मते ती पहिल्याच भेटीत नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगायला हवी.

तरी त्या आठ लागणी विसरू नका. धोका असतो तो उपचाराच्या पहिल्या सहाएक महिन्यांत आणि गोळ्या तुटल्यावर. आपल्याकडे गोळ्या तुटतात त्या बहुधा हंगामात : ऊसतोडीला टोळी कोल्हापूरकडे निघते, उपचाराचं पुस्तक घरी राहतं, फडावर चारचौघांत डबी काढायची लाज वाटते. जायच्या आधी एआरटी केंद्रात, म्हणजे गोळ्या मिळतात तिथे, सांगितलं तर जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्रात सोय होऊ शकते. कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीचं औषध चालू असेल तर तेही सांगा. काही औषधं डोल्युटेग्राव्हिर अंगी लागू देत नाहीत. टीबीचा उपचार सुरू झाला तर डोस बदलावा लागतो.

रिपोर्ट वर्षभर जुना असेल किंवा मध्ये गोळ्या चुकल्या असतील, तर नवा व्हायरल लोड येईपर्यंत निरोध वापरा. इतर गुप्तरोग गोळीने अडत नाहीत. आणि हा शून्य शरीरसंबंधापुरताच. एकमेकांची सुई किंवा दाढीचं ब्लेड वापरू नका.

मूल हवं असेल तर आधी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, तुमची तपासणी करून घ्या आणि दिवस राहिल्यावर पुन्हा करा. मालकांचा विषाणू थेट पोटातल्या बाळाकडे जात नाही. बाळाला धोका आईला लागण झाली तरच. तुम्ही निगेटिव्ह आहात तोवर अंगावर पाजायलाही अडचण नाही. घराबाहेर पडून विचारणं अवघड असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगता बोलता येतं.